मैनाबाईचा हातगुण

उन्हाळा लागला की आमच्या सासूबाईंना दोनच गोष्टी सुचायच्या: गच्चीवर शेवयांसारखे सरगुंडे वाळत घालणं आणि संध्याकाळी शालिकरामच्या मळ्यावर जाणं. सरगुंडे मी करायचे आणि मळ्यावर त्या जायच्या. मलाही नेत म्हणा, कारण टोपली धरायला कोणीतरी लागतंच.

शालिकराम माळ्याचा मळा अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या वाटेवर, रेल्वेच्या रुळाला लागून होता. सगळा मोगरा. दुसरे माळी फुलं तोडून बाजारात आणत. शालिकरामच्या बापाला एका वर्षी तोडणीला बायका मिळेनात, म्हणून त्यानं ओळखीच्या घरी निरोप पाठवला की या आणि आपल्या हातानं तोडून न्या. शहरातल्या लोकांना ते भलतंच आवडलं. घरी पाण्याचा तांब्या न उचलणाऱ्या बायका पदर खोचून वाफ्यांत उतरू लागल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून मृगापर्यंत दर संध्याकाळी फाटकाशी टांगे उभे असत. आंब्याखाली सतरंज्या पडत, आलुबोंडे, फुटाणे, पन्ह्याची कळशी असा सरंजाम निघे. पुरुष पत्ते कुटत आणि मुलं विहिरीत डोकावून आपलीच नावं ओरडून घेत. सायन्सकोरच्या मैदानावर सर्कस आली तरी लोक आधी मळ्यावर जाऊन मग सर्कशीला जात.

मैनाबाई ही शालिकरामची बायको. उंच, सावळी, रुंद कपाळाची, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी बावन्न साली लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीत आले. ती माझ्या एक वर्ष आधी बोरगावजवळच्या खेड्यातून मळ्यात आलेली. म्हणजे दोघी अकोल्याकडच्याच. पहिल्या भेटीत तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता विचारलं, "तुमी अकोल्याच्या नं बाई? मंग उन्हाळ्यात अथी काय करून राह्यल्या?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाणारच आहे माहेरी.

तिच्या हातातली कुंकवाची कुयरी तशीच राहिली. "जा बाप्पा," ती म्हणाली. "मले नाई जाता येत."

का जाता येत नाही, ते मला हळूहळू कळलं. मळ्याची एक रीत होती. आत आलेल्या बाईनं लगेच झाडाला हात लावायचा नाही. आधी मैनाबाई तिला हळदकुंकू लावणार, एक कळी खुडून तिच्या ओंजळीत ठेवणार, आणि मग ती बाई तोडायला मोकळी. ही रीत काही कोणा ऋषीनं घालून दिलेली नव्हती. ती मैनाबाईनंच, नवी नवरी असताना, नकळत पाडली होती. तिच्या माहेरी शेतातलं पहिलं जे काही निघेल, मग तो हरभऱ्याचा डहाळा असो की आंबा, ते दारी आलेल्या सवाष्णीच्या ओटीत घालत. सासरच्या पहिल्या उन्हाळ्यात महादेवराव वकिलांची थोरली सून मळ्यावर आली, तेव्हा या पोरीनं माहेरच्या सवयीनं तिला कुंकू लावून पहिली कळी दिली. सासूनं, पार्वताबाईनं, "हे काय नवीन काढलं?" म्हणून डोळे वटारले. पण वकिलांच्या त्या सुनेला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, आणि पुढच्या चैत्रात ती कडेवर पोरगा घेऊनच मळ्यावर आली.

झालं! आता त्या बाईला मूल व्हायचं होतं ते झालंच असतं. बोलाफुलाला गाठ पडली, एवढंच. पण हे आमच्या अमरावतीला कोणी सांगावं? बघता बघता कोणाच्या पोरीचं लग्न जमलं ते मैनाबाईच्या कळीनं, कोणाचा पोरगा मॅट्रिकला बसला तो मैनाबाईच्या कळीनं. पोरगा नापास झाला तर कळी लौकर उमलली होती! मैनाबाईच्या हाताला गुण आहे, असा बोभाटा झाला. पार्वताबाईनं वटारलेले डोळे मिटले आणि सुनेसाठी फाटकाशी पाट मांडला.

त्या पाटावर ती बसली ती बसलीच. मोगरा उन्हाळ्यातच फुलतो, आणि माहेरचं जे काही असतं तेही सगळं उन्हाळ्यातच असतं. गावच्या देवीची चैत्रातली जत्रा, लग्नं, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, आंब्याला बांधलेला झोका, सासरांहून आलेल्या बरोबरीच्या मैत्रिणी. मैनाबाईला माहेरी धाडत नसत असं नाही. पावसाळ्यात धाडत. पण पावसाळ्यात तिथं काय होतं? चिखल, निंदण आणि मान वर न करणारा भाऊ. मैत्रिणी सगळ्या आपापल्या सासरी परतलेल्या. पाऊस पाहायला माहेरी कोण जातं?

आणि गंमत अशी की तिला कोणी अडवतही नव्हतं. पार्वताबाई चारचौघींत सांगायची, "माही सून म्हंजे मळ्याची लक्ष्मी हाय." म्हाताऱ्या बाया तिच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावत. शालिकराम तर तिला वर मान करून बोलत नसे. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. मी तर म्हणते, शिव्या देणाऱ्या सासरातून पळून जाता येतं. पाया पडणाऱ्यांतून बाई पळणार कशी?

मळ्याच्या मागच्या बाजूला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडून रूळ जात. अकोल्याची गाडी धरायला अमरावतीचे लोक ज्या गाडीनं बडनेऱ्याला जात, ती रोज तिथून धडधडत जायची. मैनाबाई हातातली कुयरी न ठेवता म्हणे, "गेली बाई माही गाडी." पहिल्यांदा मी हसले. नंतर नंतर मला त्या गाडीचाच राग येऊ लागला.

रुळापलीकडे एक वस्ती होती. तिथल्या पंचफुलाचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. छप्पन साली त्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, आणि सत्तावन्नच्या वैशाखी पौर्णिमेला पंचफुला पांढरं लुगडं नेसून मागच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. वंदनेला फुलं हवी होती. तिला "आत या" म्हणायची तेव्हा मळ्यात कोणाची छाती नव्हती. पार्वताबाईनं गड्याकडून टोपली भरून घेतली आणि पूर्वापार ठेवत तशी कुंपणाबाहेर जमिनीवर ठेववली.

पंचफुलानं टोपलीकडे पाहिलंही नाही. "जमिनीवरचं नाई उचलत आता आमी," ती म्हणाली. "हातात देत असान त द्या. नाई त राहू द्या."

 तेव्हा मैनाबाई पाटावरून उठली, कुंपणाशी गेली, टोपली आत ओढून घेतली आणि काट्यांच्या वरून पंचफुलाच्या हातात दिली. पार्वताबाईनं त्या संध्याकाळी तिला आंघोळ करायला लावली. मैनाबाईनं निमूट केली. पण पुढच्या वर्षापासून पौर्णिमेची फुलं हातातच गेली, काट्यांच्या वरून. आत मात्र पंचफुलाला कोणी बोलावलं नाही, मैनाबाईनंही नाही.

पहिल्या वर्षी मैनाबाईनं सवयीनं कुयरी पुढे केली होती. पंचफुला हसून म्हणाली, "कुकू नाई, अन तुमची ते कळीबी नाई. मले फुलं पायजेत, तुमचा हात नाई पायजे."

हे मैनाबाईनं मला निदान दहादा सांगितलं असेल. सांगताना तिचा चेहरा उजळायचा. अख्ख्या जिल्ह्यात तिचा हात नको असलेली एकच बाई तिला भेटली होती.

मग आली एकोणसाठ सालची आखाजी. मैनाबाईचा एकुलता भाऊ चंद्रभान, त्याचं लग्न अकोल्याला आखाजीच्या संध्याकाळी ठरलं. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. ती एकटीच करवली. नवरी घेऊन भाऊ घरी आला की बहिणीनं दार अडवायचं, "तुझी लेक माझ्या लेकाला देशील तर आत येऊ देते," असं वदवून घ्यायचं, हा मान तिचाच. तिचा मोतीराम तेव्हा सहा वर्षांचा होता. "मी नवरीले दारात असा घाम फोडतो का नाई पाहा," असं ती मला महिनाभर सांगत होती. तिनं हिरवं लुगडं घेतलं होतं. पार्वताबाई नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "आखाजीचा दिस हाय, मुहूर्ताचा. सकायी आलेल्या बायायले एक एक कळी देजो अन जाजो."

त्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यानं दगा दिल्यामुळे माझं माहेर लांबलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. मैनाबाई हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, फाटकाशी पाटावर बसली होती. शालिकरामनं बंडीला बैल जुंपून ठेवले होते. मोतीराम टोपी घालून केव्हाचा बंडीत. आणि टांगे येतच होते. आखाजीच्या पूजेला मळ्यातली फुलं आणि मैनाबाईची कळी, असं जणू सगळ्या अमरावतीनं आदल्या रात्री ठरवलं होतं. एकीला दिली की दुसरी पुढे. मळ्याच्या रीतीत आणखी एक पोट-रीत होती: दिवसाची कळी द्यायला सुरुवात केली की आलेल्या सवाष्णीला विन्मुख धाडायचं नाही. ही कोणी काढली देव जाणे. बहुधा पार्वताबाईनंच.

मी कळी न घेता बाजूला उभी राहिले. त्यानं रांगेतली एक बाई कमी झाली, दुसरं काय?

एकदा ती उठली. "आता जाऊ द्या वं बायाहो, माह्या भावाचं लगन हाय."

"तुमी चालल्या?" वकिलांच्या घरची कोणीतरी म्हणाली. लांबून, तीन पोरी घेऊन आली होती ती. "मंग आमी कोनाच्या हातची घ्यावी? एवढी आमची, मंग जा बाई." किती गोड बोलली! पोरींनी वाकून नमस्कारही केला. मैनाबाई परत बसली.

तेवढ्यात कुंपणामागून गाडी गेली. अमरावतीची ती गाडी गेली म्हणजे बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी चुकलीच. त्या दिवशी ती "गेली बाई माही गाडी" म्हणाली नाही. मान खाली घालून कुंकू लावत राहिली. दुपारच्या गाडीनं जाऊ, असं शालिकराम म्हणाला. दुपारी अजून टांगे आले. मग तो म्हणाला, आता जाऊन काय करता, लग्न तर लागून जाईल. आणि त्यानं बैल सोडले. बंडीत झोपलेल्या मोतीरामला उचलून घरात नेलं.

हिरवं लुगडं तिनं संध्याकाळपर्यंत बदललं नाही. नथही नाही. त्या दिवशी तिच्या हातची कळी घेणाऱ्या बायकांना वाटलं, मळ्याची लक्ष्मी सणाची नटली आहे. एकीनं तर तिची दृष्टही काढली!

नंतर कळलं की चंद्रभान नवरीला घेऊन दाराशी आला तेव्हा दार अडवायला कोणी नव्हतं. चुलत बहिणी पुढे झाल्या, त्यांना त्यानं थांबवलं. थोडा वेळ तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला आणि मग मुकाट्यानं आत गेला.

त्रेसष्टच्या माघात शालिकराम तापाचं निमित्त होऊन गेला. मी भेटायला गेले तर मैनाबाईचं ते रुंद कपाळ मोकळं होतं. ओळखू येईना. मी रडले, ती नाही रडली. गुडघ्यांवर दोन्ही हात उपडे ठेवून बसली होती, कोणाची तरी वस्तू सांभाळायला घेतल्यासारखे.

चैत्र लागला. घरात धाकट्या दिराची, देवमनची, बायको होती, वच्छला. पाच वर्षांत तिच्या हाताकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पार्वताबाईनं कुयरी तिच्या हातात दिली आणि पाटावर बसवलं. टांगे आले, बायका उतरल्या, वच्छलेच्या हातची कळी घेऊन वाफ्यांत शिरल्या. हातगुणाची वाटणी अशी झटक्यात झाली. तलाठीसुद्धा लागला नाही.

आणि पार्वताबाई मैनाबाईला म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "मैना, आता माहेरी जाय बाप्पा. उन्हाळाभर राहाय तथी. मन रमन तुहं."

ज्या उन्हाळ्यासाठी ती बाई बारा वर्षं झुरली, तो तिला असा मिळाला.

योगायोगानं मीही त्याच दिवशी अकोल्याला निघाले होते. अमरावतीच्या स्टेशनावर देवमन तिला सोडून गेला. मोतीरामची शाळा होती, म्हणून तो घरीच राहिला. तिच्याजवळ एक गाठोडं, त्यात ते हिरवं लुगडं. "वयनीले देईन," ती म्हणाली. "मले काय करायचं हाय आता."

गाडी मळ्यामागून जाऊ लागली तशी ती खिडकीशी उठून उभी राहिली. कुंपण, आंबा, फाटकाशी दोन टांगे, आणि पाटावर वच्छलेचं लाल लुगडं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं मागे पडलं.

"अवं माय," ती म्हणाली. "एवढासाच हाय काय वो?"

"काय?"

"मळा. मले वाटे केवढा असन."

बोरगावला चंद्रभान बंडी घेऊन आला होता. तिच्या पायांवर डोकं ठेवून तो भर फलाटावर रडला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान आता तरी.

मी महिन्यानं अकोल्याहून परतले. वैशाखी पौर्णिमेला सासूबाईंबरोबर मळ्यावर गेले. वच्छलेनं मला कुंकू लावलं, कळी दिली. मी सहज म्हणून विचारलं, "मैनाबाईचं काही पत्र?"

"त्या त कवाच्याच आल्या," वच्छला हळूच म्हणाली. "मांगं हायेत."

मी टोपली सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि मागे गेले. काट्यांच्या कुंपणाला पाठ लावून, कडुलिंबाच्या तोकड्या सावलीत मैनाबाई गजरे ओवत बसली होती. तिच्यापुढे कळ्यांचा ढीग. विधवेनं ओवलेला गजरा चालतो बरं का, फक्त तिचं तोंड दिसायला नको! टांगे जाईपर्यंत पुढे यायचं नाही, असं तिला सांगून ठेवलं होतं.

"काहून आल्या परत?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना मीही तिचीच बोली बोलू लागायची.

ती दोऱ्यावरून नजर न काढता बोलली. "जत्रेच्या दिशी वयनी म्हने, तुमी घरीच राहा, गर्दी लय हाय. मंग चंद्रभानच्या पोरीचं बारसं झालं. मले मांगं पुरनाच्या चुलीवर बसवलं. पाळन्याजवळ नाई येऊ देल्लं. चंद्रभान बोलावे, त लोकच म्हनत, राहू दे, त्यायले चुलीजवळ बरं वाटते." तिनं गाठ मारली. "म्या मनलं, चूल त चूल. आपल्या घरची बरी. मोतीराम तरी दिसते."

मला संताप आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. वहिनीवर? तीही गोडच बोलली होती.

इतक्यात कुंपणापलीकडून आवाज आला. पंचफुला. पांढरं लुगडं, काखेत टोपली. दर पौर्णिमेसारखी. तिनं आधी मैनाबाईच्या कपाळाकडे पाहिलं, मग पुढच्या फाटकाकडे, मग परत तिच्याकडे.

"तुमी अथी? फाटकावर कोन हाय मंग?"

"जाऊ हाय माही."

"अन तुमाले काहून अथी बसवलं?"

मैनाबाई गजरा ओवत राहिली. पंचफुलाला ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "तुमीबी आता कुंपनालेच आल्या."

त्यात टोमणा नव्हता. पण मैनाबाईच्या हातातली सुई थांबली. तिनं पंचफुलाकडे पाहिलं. मग ओटीतल्या कळ्या झटकून उठली आणि कुंपणातल्या बोरीच्या फांद्या हातानं ओढू लागली. गड्याला हाक नाही, काठी नाही, नुसत्या हातानं. एक माणूस जाईल एवढी फट पडली.

"या आत," ती म्हणाली. "म्या हे पयलेच कराले पायजे होतं. या. आपल्या हातानं तोडा."

पंचफुला जागची हलली नाही. "तुमाले बोल लागन."

"लागन त लागन. अजून कुठी बसवतीन मले?"

पंचफुलानं लुगड्याचा काठ काट्यांतून सोडवत पाय आत टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाफ्याशी येऊन ती थांबली. "तुमची ते रीत हाय नं, पयल्या कळीची? द्या मले."

"माह्या हातची? आता?"

"हातगुन मले तवाबी नोता पायजे. आता तुमी देता, म्हनून घेतो."

मैनाबाई वाकली. इतकी वर्षं हजारो कळ्या खुडलेला तो हात, पण तिला पटकन कळी सापडेना. शेवटी एक खुडली आणि पंचफुलाच्या तळहातावर ठेवली.

पुढून पार्वताबाईची हाक आली. "कोन हाय वं तिकडं?"

"कोनी नाई, आत्याबाई," मैनाबाई चटकन म्हणाली. "मी हाव."

पंचफुलाचा कळी धरलेला हात खाली आला. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मैनाबाई, मी कोनी नाई काय?"

मैनाबाईचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.  मग पदर खोचून, आंब्याखालच्या सतरंज्यांपर्यंत जाईल अशा आवाजात ती ओरडली, "पंचफुलाबाई आल्या, आत्याबाई! आत आल्या! फुलं तोडून राह्यल्या!"

पुढचं बोलणं, हसणं, पत्त्यांची फटफट, सगळं थांबलं. आमच्या सासूबाईंचा आवाजसुद्धा!  मला त्या क्षणी मैनाबाईचा इतका अभिमान वाटला की मी वाफ्यात उतरले आणि पंचफुलाच्या टोपलीत कळ्या टाकू लागले.

पार्वताबाई आली. तिनं पंचफुलाकडे पाहिलं नाही; शिवाशिवीविरुद्धच्या कायद्याच्या धाकानं तिला उघड काही बोलायची आता सोय राहिली नव्हती. ती मैनाबाईला म्हणाली, "माणूस गेला तुहा, आता मळाबी घालवतं काय?" आणि गेली. आंब्याखालच्या दोन सतरंज्या लगेच गुंडाळल्या गेल्या. पंचफुलानं मात्र घाई केली नाही. टोपली भरली, पैसे मैनाबाईच्या हातात ठेवले, आणि आली तशी फटीतून गेली.

दुसऱ्या दिवशी देवमननं ती फट नव्या बोरीच्या काट्यांनी दुप्पट बुजवली. मैनाबाई आतच राहिली. जाणार कुठे? माहेर पाहून झालं होतं. शिवाय मोतीराम होता. त्या उन्हाळ्यात मला ती पुन्हा दिसली नाही. टांगे आले की तिला स्वयंपाकघरात बसायला सांगत.

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला मी एकटीच गेले. वच्छलेची कळी घेतली आणि सरळ मागे गेले. कडुलिंबाखाली मैनाबाई पुन्हा गजरे ओवत होती. तिच्या पाठीमागे कुंपणात माणूसभर फट होती आणि ओढून काढलेल्या बोरीच्या फांद्या बाजूला रचून ठेवल्या होत्या. वाफ्यातल्या चिखलात बाईच्या पावलांचे ठसे होते, रुळाकडून आलेले आणि रुळाकडे गेलेले.

"देवमन?" मी विचारलं.

"तो उद्या बुजवन," ती म्हणाली. "बुजवतेच दर खेपेले."

मी खाली बसले तेव्हा तिचे हात मला दिसले. कोपरापर्यंत ओरखडे. काही वाळलेले, काही आजचे, रक्त अजून ओलं होतं. आमच्या गावातल्या बायका डोळ्यांना लावत ते हात.

"अवो, हे काय करून घेतलं हातायचं?"

तिनं हात उलटेपालटे करून पाहिले आणि खूप वर्षांनी हसली.

"हातगुन हाय, बाई," असं म्हणून तिनं ओंजळभर कळ्या माझ्या टोपलीत टाकल्या.